छेदातली माणसं

(सरांच्या स्मृतिप्रीत्यर्थ चालणाऱ्या व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

अध्यक्ष महाराज, सरांच्या घरची मंडळी, आणि मागच्या रांगांत बसलेल्या, बहुधा हजेरीसाठी धरून आणलेल्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

मागच्या रांगांबद्दल मला सहानुभूती आहे. मीही एकेकाळी असाच धरून आणला जायचो. आमच्या वेळी 'पीएसएम', म्हणजे रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यक, हा विषय शिकायचा नसे, त्यातून सुटायचं असे. पार्कचं जाडजूड पुस्तक वाचण्यापेक्षा उशाला घ्यायलाच जास्त उपयोगी पडे. मेडिसिनवाले नाडी बघायचे, सर्जरीवाले पोट उघडायचे आणि पीएसएमवाले गावातल्या विहिरी आणि संडास मोजायचे, अशी आमची समजूत. पुढे मी त्याच मोजणाऱ्यांच्या जातीत गेलो. या धंद्याला हल्ली 'पब्लिक हेल्थ डेटा सायन्स' असं भारदस्त नाव मिळालंय. माझी आई मात्र शेवटपर्यंत शेजारणींना सांगायची, "डॉक्टरच आहे तो, पण औषध देत नाही."

सर भेटले ते इंटर्नशिपमध्ये. मी एका प्राथमिक आरोग्य केंद्रात होतो आणि मार्चअखेरचे अहवाल नुकतेच वर गेले होते. सर तपासणीला आले, रजिस्टर मागवलं आणि एका रकान्यावर बोट ठेवून खाली खाली आले. शून्य ते एक वर्ष वयाच्या बालकांचे मृत्यू. एका गावापुढे एप्रिलपासून मार्चपर्यंत बाराही महिने एकच शब्द, सुवाच्य अक्षरात लिहिलेला : निरंक. सरकारी कागदातला हा माझा सगळ्यांत नावडता शब्द. सर काही बोलले नाहीत. रजिस्टर मिटलं आणि विचारलं, "या गावात सुईण कोण आहे?"

वैशाखातली दुपार. म्हातारी ओट्यावर चिंचा फोडत बसली होती. पुढ्यात चिंचेचा गोळा, बाजूला चिंचोक्यांचा ढीग. सर सरळ तिच्यासमोर मांडी घालून बसले. मी शर्टाची इस्त्री सांभाळत उभा. सर म्हणाले, "मावशी, मागच्या आखाजीपासून आजवर गावात जेवढी लेकरं झाली तेवढे चिंचोके मांडा बरं." म्हातारीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण तिच्या डोक्यात गाव घरानिशी होतं. ती आळीआळीनं निघाली. पाटलाच्या धाकट्या सुनेला पोरगी, तिच्या मागच्या घरी पोरगा, वस्तीवर दोन. एकेक चिंचोका ओट्यावर बसत गेला. मग सर म्हणाले, "आता यातली जी राहिली नाहीत, ती उचला." तिनं तीन उचलले. हात थांबला. चौथ्या चिंचोक्यावर बोट ठेवून तिनं विचारलं, "साहेब, हे धरायचं का? हे एकदाच रडलं होतं."

"रडलं ना? मग धरायचं."

त्या चार चिंचोक्यांनी माझ्या आयुष्याची दिशा बदलली असं म्हटलं तर टाळ्या मिळतील. खरी गोष्ट अशी की मला सर्जरीला जागा मिळाली नाही. पण परतताना जीपमध्ये सरांनी जे सांगितलं ते मात्र तेव्हापासून सोबत आहे. ते म्हणाले, "पाचवीतला अपूर्णांक आठवतो? आडवी रेघ, वर अंश, खाली छेद. आपल्या दवाखान्यात येतो तो अंश. छेद गावात असतो. डॉक्टरला आयुष्यभर रेघेच्या वरचं दिसतं, आणि त्याला वाटतं हेच सगळं."

आज सरांवर बोलावं अशी आयोजकांची इच्छा होती. सरांना स्वतःबद्दल ऐकायला आवडत नसे, म्हणून मी त्यांना आवडलेल्या एका माणसाबद्दल बोलणार आहे. हान्स रॉसलिंग. जन्म 1948चा, स्वीडनमधल्या उप्सालाचा. पेशानं डॉक्टर, आणि आकड्यांचा शिक्षक म्हणून जगाला माहीत झालेला. त्यांचं बुडबुड्यांचं चित्र तुमच्यातल्या अनेकांनी फोनवर पाहिलं असेल. ते बुडबुडे कुठून आले हे फारसं कुणी विचारत नाही, आणि मला आज नेमकं तेच सांगायचंय.

उप्सालात रॉसलिंग यांनी वैद्यकाबरोबर संख्याशास्त्रही शिकून घेतलं. 1972 साली ते काही काळ बंगळूरला, सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजात आले. तिथला एक प्रसंग ते स्वतः खुशीनं सांगत. वर्गात मूत्रपिंडाचा एक्स-रे लावलेला. रॉसलिंगनी बघितला, मनात निदान केलं आणि बाकीच्यांना संधी द्यावी म्हणून शांत बसले. तेवढ्यात भारतीय विद्यार्थी एकामागून एक बोलायला लागले : हा कर्करोग कुठवर पसरतो, कसा ओळखायचा, उपचार काय. अर्धा तास हे चाललं. आपण चुकून तज्ज्ञांच्या वर्गात शिरलो अशी त्यांची समजूत झाली. बाहेर पडताना विचारलं तर कळलं, ही मुलंही आपल्यासारखीच चौथ्या वर्षाची. त्यांचं पुस्तक आपल्या पुस्तकाच्या तिप्पट जाड, आणि ते त्यांनी तीनतीनदा वाचलेलं. पाश्चात्त्य म्हणजे पुढे आणि बाकीचे मागे, ही मनातली उतरंड तिथे पहिल्यांदा हलली, असं ते म्हणत. (आपली मुलं पुस्तक तीनदा वाचतात हे खरंच. त्यातला पीएसएमचा भाग तीनदा वाचतात की नाही, यावर मी मत देत नाही.)

मोझांबिकला ते गेले ते एका शब्दाखातर. तिथल्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते एदुआर्दो मोंडलेन उप्सालाला आले असताना या तरुण विद्यार्थ्याला म्हणाले होते, देश स्वतंत्र झाला की डॉक्टर होऊन ये. मोंडलेन 1969 मध्ये मारले गेले, 1975 मध्ये देश स्वतंत्र झाला, आणि 1979 साली रॉसलिंग पत्नी आणि मुलांसह तिकडे पोचले. मधल्या काळात स्वतःला झालेल्या कर्करोगावर उपचार घेऊन. उत्तरेकडच्या नकाला जिल्ह्याचे ते वैद्यकीय अधिकारी झाले. वस्ती सुमारे तीन लाख, डॉक्टर एक, फार तर दोन.

आता जरा सावकाश जाऊ, कारण विद्यार्थ्यांना मी वर्षानुवर्षं शिकवलेला धडा इथे आहे.

रॉसलिंगचा एक डॉक्टर मित्र नकालाला आला होता. त्याच्यासमोर जुलाबानं सुकलेलं एक बाळ आणलं गेलं, आईचं दूध ओढण्याचंही त्राण नसलेलं. रॉसलिंगनी नाकातून नळी घातली, जलसंजीवनी सुरू केली आणि पुढच्या मुलाकडे वळले. मित्रानं हात धरला. शिरेतून सलाइन का लावत नाहीस? स्वतःच्या मुलाला असंच केलं असतंस का? रॉसलिंग म्हणाले, सलाइन लावायला अर्धा तास जाईल, त्यावर नजर ठेवायला नर्स नाही, आणि मलाही कधीतरी घरी जाऊन जेवावं लागतं, नाहीतर मी इथे महिनाभरही टिकणार नाही. मित्राला हे पटलं नाही. त्याच्या दृष्टीनं समोरच्या रुग्णासाठी शक्य ते सगळं करणं हीच वैद्यकाची नीती.

मग रॉसलिंग हिशेबाला बसले. वर्षभरात रुग्णालयात दाखल झालेली मुलं हजाराच्या आसपास. त्यांतली 52 दगावलेली. हा अंश, रजिस्टरात सापडणारा. पण जिल्ह्यात वर्षाला जन्म साधारण 15,000, आणि त्या मुलखात पाच वर्षांच्या आत मरण पावणारी मुलं शंभरात 26. म्हणजे जिल्ह्यात दर वर्षी सुमारे 3,900 मुलं जात होती. रुग्णालयातल्या 52 वगळता बाकी सगळी घरी, वाटेवर, शेतात. ज्या मृत्यूंपायी दोन डॉक्टर रात्री जागवत होते ते एकूण मृत्यूंच्या सव्वा टक्क्याच्या आसपास.

यावरून रॉसलिंगनी समोरचं बाळ सोडून दिलं असं समजू नका. नळी त्यांनी घातलीच होती. पण सव्वा टक्क्यातल्या प्रत्येक मुलाला स्वीडनच्या तोडीचे उपचार द्यायचे म्हणून उरलेल्या पावणेनव्व्याण्णव टक्क्यांना वेळच द्यायचा नाही, ही नीती त्यांना मान्य नव्हती. त्यांनी वेळ दिला गावातले आरोग्यसेवक तयार करण्याला, लसीकरणाला आणि छोटी आरोग्य केंद्रं उभी करण्याला. काही लोकांना हा हिशेब थंड वाटतो. मला तो फार कळवळ्याचा वाटतो. ज्याला 3,900 चा आकडा माहीत आहे तो रात्री कसा झोपत असेल?

आकडा मांडला की पुण्य लागतं अशी मात्र समजूत नको. त्याच नकालाची दुसरी गोष्ट याच्या उलट आहे.

1981 च्या ऑगस्टमध्ये किनाऱ्यालगतच्या भागातून एक विचित्र आजार पुढे आला. धडधाकट बायका-मुलं एकाएकी दोन्ही पायांनी लुळी होत होती. पाय कडक, चाल कात्रीसारखी. रुग्ण शेकड्यांनी. साथीचा रोग असेल का? कुणालाच ठाऊक नव्हतं. तिथल्या महापौरांनी विचारलं, शहराकडे येणाऱ्या बसगाड्या लष्कराकरवी अडवू का? रॉसलिंग म्हणाले, काहीतरी करायलाच हवं, अडवा. दुसऱ्या दिवशी पहाटे बाजाराला निघालेल्या बायकांना बस मिळाली नाही. त्यांनी कोळ्यांना गळ घातली आणि लेकरांसकट होड्यांतून समुद्रमार्गे निघाल्या. होडी उलटली. सुमारे वीस आया आणि मुलं बुडाली.

आजार संसर्गाचा नव्हताच. कडू कसावाचा होता. कसावाच्या कंदात सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात. कंद भिजवून, आंबवून, उन्हात नीट वाळवला की ती निघून जातात. दुष्काळात पोटाला दुसरं काही नाही आणि वाळवायला सवड नाही, अशा घरांत तो अर्धाकच्चा खाल्ला गेला. त्यात प्रथिनांचा तुटवडा. पाय कायमचे अधू झाले. कोन्झो हे त्या आजाराचं नाव पुढे रूढ झालं, त्याच्या अभ्यासावर रॉसलिंगनी 1986 साली डॉक्टरेट मिळवली आणि नंतरची बरीच वर्षं आफ्रिकेत त्याचा माग काढला. विदर्भातल्या मंडळींना एव्हाना लाखोळीची डाळ आठवली असेल. लॅथिरिझमही असाच, पायांतून जाणारा, आणि तोही गरिबाच्या ताटातूनच येणारा. आणि एकादशीला आपण खातो तो साबुदाणा याच कसावाचा. तो कारखान्यातून भरपूर धुऊन-वाळवून येतो, तेव्हा आज रात्री खिचडी खायला हरकत नाही.

होडीची गोष्ट रॉसलिंगनी पस्तीस वर्षं जाहीरपणे सांगितली नव्हती. शेवटच्या पुस्तकात सांगितली. माझ्या मते त्या पुस्तकातली सगळ्यांत मोलाची पानं ती आहेत. माहिती अपुरी असताना "काहीतरी करा" म्हणणाऱ्या डॉक्टरांत मीही होतो. करोनाच्या पहिल्या महिन्यांत आपल्यातले बरेचजण होते. रस्त्यावरच्या नाकाबंदीनं कोण कुठल्या वाटेला लागलं याचा छेद आपण काढला का? असो. त्यावर वेगळं व्याख्यान होईल.

स्वीडनला परतल्यावर ते शिक्षक झाले आणि 1997 पासून कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमध्ये आंतरराष्ट्रीय आरोग्याचे प्राध्यापक. तिथे त्यांनी विद्यार्थ्यांची जी परीक्षा घेतली ती आम्ही आमच्याकडेही उसनी घेतली. देशांच्या पाच जोड्या : श्रीलंका-तुर्कस्तान, पोलंड-दक्षिण कोरिया, मलेशिया-रशिया, पाकिस्तान-व्हिएतनाम, थायलंड-दक्षिण आफ्रिका. प्रत्येक जोडीत एका देशातला बालमृत्युदर दुसऱ्याच्या दुप्पट. कोणत्या? डोळे मिटून ठोकताळे बांधले तरी पाचपैकी अडीच बरोबर यावेत. स्वीडनच्या हुशार मुलांची सरासरी आली 1.8. चिंपांझीला दोन केळी दाखवून निवडायला लावलं असतं तरी यापेक्षा बरं जमलं असतं, असं ते म्हणायचे. मग त्यांनी स्वतःच्या संस्थेतल्या, वैद्यकाचं नोबेल ठरवणाऱ्या संस्थेतल्या, प्राध्यापकांना तीच प्रश्नपत्रिका दिली. ते चिंपांझींच्या बरोबरीत आले.

यातली गोम लक्षात घ्या. न कळणं वेगळं आणि उलटं कळणं वेगळं. काहीच माहीत नसतं तर अडीच आले असते. 1.8 आले याचा अर्थ डोक्यात काहीतरी चुकीचं पक्कं बसलेलं होतं. कोऱ्या पाटीवर लिहिणं सोपं. शिक्षकाचं खरं काम भरलेल्या पाटीशी असतं, आणि त्यासाठी मुलाला आधी स्वतःची चूक आकड्यात दाखवावी लागते. व्याख्यानानं ते होत नाही. (आजच्या व्याख्यानानंही होणार नाही.)

बुडबुडे आले ते त्यानंतर. आडव्या अक्षावर उत्पन्न, उभ्यावर आयुर्मान, प्रत्येक देश एक बुडबुडा, आकार लोकसंख्येएवढा. मुलगा ओला आणि सून अ‍ॅना यांनी त्याला हालचाल दिली. 2005 साली तिघांनी गॅपमाइंडर ही संस्था काढली, 2006 च्या टेड व्याख्यानानं ते जगभर पोचले, 2007 मध्ये ते सॉफ्टवेअर गूगलनं घेतलं. बाकी त्यांची नाटकं तुम्हाला ठाऊक असतील : लोकसंख्या समजावायला आयकियाचे डबे, आणि अशक्य ते शक्य असतं हे दाखवायला व्यासपीठावर खरोखर तलवार गिळणं. सरांना हा तलवारीचा प्रकार अजिबात आवडला नव्हता.

मला आवडला. पण रॉसलिंगवर माझा एक आक्षेप आहे आणि तो इथे नोंदवतो. त्यांचा बुडबुडा देशाचा असतो. भारत हा एक भलामोठा गोल, हळूहळू वर-उजवीकडे सरकणारा, सुखावणारा. त्या गोलाच्या पोटात नंदुरबारही असतं आणि दक्षिण मुंबईही. सरासरीत सगळे एका उंचीचे होतात. ही अडचण त्यांना माहीत होती, देश फोडून दाखवणारी चित्रंही त्यांनी केली. तरी पाहणाऱ्याच्या मनात राहतो तो सरकणारा मोठा गोलच.

दुसरी गोष्ट आक्षेपाची नाही, आठवणीची. त्या गोलाची जागा ठरवतं कोण? आपल्याकडचा बालमृत्युदर मुख्यतः नमुना नोंदणी पद्धतीतून येतो. 1960 च्या दशकात तिची सुरुवात झाली. निवडलेल्या गावांत आणि वस्त्यांत एक गणक, बऱ्याचदा स्थानिक शिक्षक किंवा अंगणवाडीताई, वर्षभर जन्म-मृत्यू लिहीत जाते. दर सहा महिन्यांनी पर्यवेक्षक येतो, तिची वही न बघता घरोघरी स्वतंत्र विचारतो, मग दोन्ही याद्या ताडून बघतात आणि न जुळलेल्या घरी पुन्हा जातात. 2020 चा देशाचा आकडा हजारी 28 आणि महाराष्ट्राचा 16, हे असं दारोदार फिरून आलेलं आहे. स्टॉकहोममधल्या पडद्यावरचा बुडबुडा एक टिंबभर सरकतो तेव्हा त्यामागे कुठल्याशा अंगणवाडीताईची चप्पल झिजलेली असते.

आणि मोजणं हेच औषध होऊ शकतं, हे शिकायला स्वीडनला जावं लागत नाही. गडचिरोली पुरे.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग नागपूरला शिकले, जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकून आले आणि 1986 साली गडचिरोलीत 'सर्च' सुरू केली. 1989 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा अभ्यास आला. दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी, आणि त्यांतल्या 92 टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग. याआधी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. म्हणजे डॉक्टरांच्या जगात ही दुखणी जवळजवळ नव्हतीच. गावच्या बायका छेदात होत्या.

त्यांच्या कामातली एक वस्तू मी दरवर्षी वर्गात काढून दाखवतो, चित्र काढून. बाळाला न्यूमोनिया आहे का हे श्वासाच्या गतीवरून ओळखता येतं. पण गावच्या सुईणीला मोजणी फार पुढे येत नाही आणि तिच्याकडे घड्याळ नाही. मग एक साधन बनवलं : एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला तर न्यूमोनिया समजून औषध द्यायचं. दहापर्यंत येणं पुरे. तान्ह्यांसाठी मण्यांची रांग वेगळी, कारण त्यांचा श्वास मुळातच जलद. हे चित्र फळ्यावर काढताना मला दरवेळी चिंचोके दिसतात. 1990 साली न्यूमोनियावरचा आणि 1999 साली घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला. त्या दुसऱ्या प्रयोगात 39 गावांतल्या आरोग्यदूतांनी तिसऱ्या वर्षी, तुलनेसाठी घेतलेल्या 47 गावांच्या मानानं, नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी खाली आणला. आज देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरल्या दिवशी जाते, वजन करते, ताप बघते, ते तिथून आलेलं आहे.

हे सगळं गोड ऐकून झाल्यावर थोडं कडू. बाळ मोजणं हे निरुपद्रवी काम नव्हे. नोकरीत असताना एका आढावा बैठकीत मी आमच्या भागातले अर्भकमृत्यू मांडले. आकडा मागच्या वर्षापेक्षा मोठा होता, कारण आम्ही पहिल्यांदाच नीट शोधले होते. माझ्यासमोर बसलेल्या अधिकाऱ्यांनी चहाचा घोट घेत सुचवलं, "पहिल्या दिवशीचे मृतजन्मात टाका ना. नाहीतरी काय फरक पडतो?" फरक पडतो तो असा : मृतजन्म झाला की ते बाळ अंशातूनही जातं आणि छेदातूनही. ते जन्मलंच नाही. एकदाच रडलेलं ते बाळ कागदावर कधी रडलंच नाही. मी आकडा बदलला नाही. पुढच्या वर्षी माझी बदली झाली. दोन्हींचा संबंध असल्याचा पुरावा माझ्याकडे नाही, म्हणून संबंध होता असं मी म्हणत नाही. या शतकाच्या सुरुवातीला राज्यातल्या स्वयंसेवी संस्थांनी मिळून 'कोवळी पानगळ' हा अहवाल काढला तेव्हा प्रत्यक्षातले बालमृत्यू सरकारी नोंदींपेक्षा कितीतरी जास्त असल्याचं दिसलं, आणि शासनाला त्यावर समिती नेमावी लागली. निरंक या शब्दाला त्या वेळी थोडा तरी घाम फुटला.

मोठ्या माणसांचं वेगळं नाही. सर्पदंशाचं उदाहरण घ्या. रुग्णालयांतून सरकारकडे येणारी मृत्यूंची संख्या वर्षाला एक-दीड हजाराच्या घरात असायची. महानिबंधक कार्यालय आणि डॉ. प्रभात झा यांच्या चमूनं 'मिलियन डेथ स्टडी'त लाखो घरी जाऊन, मृत्यू कसा आला हे नातेवाइकांकडून ऐकून, ते डॉक्टरांकडून तपासून घेतलं. 2005 सालचा अंदाज निघाला 45,900. त्यांतले 97 टक्के ग्रामीण भागातले. शेतात साप चावला, मांत्रिकाकडे नेलं किंवा वाहन मिळालं नाही, माणूस बांधावरच गेला. दवाखान्याच्या वहीत तो साप चावलाच नाही.

अंशाला कमी लेखतोय असं वाटू देऊ नका. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात विंचूदंशाच्या एकेका रुग्णाशेजारी रात्र काढून जी टिपणं केली, त्यांतून प्राझोसिनचा उपचार जगाला मिळाला. खाटेवरच्या माणसाकडे नीट बघितल्याशिवाय कुठलंही विज्ञान उभं राहत नाही.

आता मागच्या रांगांकडे येतो. तुमच्याकडे माझ्या पिढीला स्वप्नातही न दिसलेली यंत्रं आहेत. दोन वर्षांपूर्वी एक हुशार मुलगा लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आला. एका रुग्णालयातल्या नवजात बाळांच्या हजारो नोंदी, त्यावर सुरेख मॉडेल. त्याला एक चमत्कारिक गोष्ट सापडली होती : दूरच्या पाड्यांवरून आणलेली बाळं शहरातल्या बाळांपेक्षा कमी दगावत होती. त्यानं कारणंही शोधली होती, आदिवासी आहार, काटकपणा, स्तनपान. मी त्याला एकच विचारलं, "पाड्यावरून इथपर्यंत यायला किती तास लागतात?" तो म्हणाला, पाच-सहा. मी म्हटलं, "मग जे बाळ तिसऱ्या तासाला गेलं ते तुझ्या फाइलीत कुठल्या ओळीत आहे?" तो बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला. मग लॅपटॉप मिटून त्यानं एसटीचं वेळापत्रक विचारलं. माझ्या शिकवण्याच्या आयुष्यात यापेक्षा मोठी दाद मला मिळालेली नाही. संगणक हजर असलेल्या ओळी वाचतो. गैरहजर ओळ कुठली, हे त्याला आपण सांगायचं असतं.

रॉसलिंग 7 फेब्रुवारी 2017 ला गेले. त्याआधी, 2014 मध्ये, वयाच्या 66 व्या वर्षी ते लायबेरियात एबोलाच्या साथीत जाऊन बसले होते. जगभर दाखवला जाणारा आलेख चढताच होता. त्यात संशयित रुग्ण होते. तपासणीत पक्के ठरलेले रुग्ण वेगळे काढल्यावर रेघ उतरताना दिसली, म्हणजे संपर्क शोधणाऱ्या कार्यकर्त्यांच्या कष्टाला फळ येत होतं. तलवार गिळणारा माणूस शेवटी पुन्हा रजिस्टराशीच आला.

अध्यक्ष महाराज चिठ्ठी पाठवायच्या आत थांबतो. सभागृहात डॉक्टरांपेक्षा बिगरडॉक्टर जास्त आहेत, म्हणून मागणं तुमच्याकडे. घरात मृत्यू झाला तर ग्रामपंचायतीत किंवा पालिकेत 21 दिवसांच्या आत नोंद करा. दाखला लिहून देणारे डॉक्टर कारणाच्या जागी नुसतं 'हृदयक्रिया बंद पडली' असं लिहू लागले तर त्यांना नम्रपणे थांबवा. हृदय सगळ्यांचंच बंद पडतं. ते कशानं पडलं, साप, क्षय, मधुमेह, बाळंतपण, हे लिहायला सांगा. 2023 च्या कायदादुरुस्तीनंतर रुग्णालयात झालेल्या मृत्यूच्या कारणाच्या दाखल्याची प्रत नातेवाइकांना मिळायला हवी, ती मागून घ्या आणि वाचा. आणि जन्मलेलं बाळ एकदाच रडून गेलं असेल, तरी नोंदी दोन करा. एक जन्माची, एक मृत्यूची.